आठ खड्ड्यांची माती

१७ एप्रिल

ठरलं. म्हणजे आबांनी ठरवलं, मी ऐकलं. माळ एक हंगाम माझ्याकडे. दसऱ्यापर्यंत माळावर दाखवण्यासारखं पीक उभं राहिलं तर माळ राहील. नाहीतर नितीनशेठ पोकलेन चढवून माळाचा मुरूम काढणार आणि शेलूला नव्या इमारतींच्या भरावात टाकणार.

दादाचं म्हणणं, थांबायचं कशाला, पावसाच्या आधीच देऊन टाका. आबा म्हणाले, "एक साल बघू दे त्याला. बारावी नापास हाय, पण वाचतो तरी." हे माझ्या बाजूने बोललेलं वाक्य होतं.

नितीनशेठ ओट्यावर आमच्याच खुर्चीत बसून आमचाच चहा पीत होता. "पडीक माळ हाय तो, आबा. गवताबिगर काय आलंय तिथं?" मग माझ्याकडे बघून, "अक्षर चांगलं हाय म्हनं तुझं. गाड्या मोजायला माणूस लागंलच मला."

स्वतःच्या जमिनीच्या गाड्या स्वतः मोजायच्या. चांगल्या अक्षरात.

१९ एप्रिल

मातीचा नमुना काढला. माहितीपत्रकाप्रमाणे: नागमोडी चालत आठ खड्डे, वीतभर खोल, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यायची, सगळी एकत्र करायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. केलं.

वरच्या बाजूला कुदळ लागेना. एप्रिलमध्ये तो दगडच असतो. दोनदा उसळली आणि दुसऱ्यांदा माझ्याच नडगीवर आली. म्हणून आठही खड्डे खालच्या पट्टीत घेतले, बांधाला लागून. तिथली माती मऊ, काळसर. शेत एकच, गट नंबर एकच.

गावातले लोक परसातली मूठभर माती पिशवीत घालून पाठवतात. प्रयोगशाळेत जमा झालेल्या पिशव्यांपैकी एकीत कोंबडीचं पीस होतं. तपासणीचं कार्ड आलं की न वाचता पत्र्याखाली खोचून ठेवतात. यांना शेती येत नाही असं म्हटलं की राग येतो.

दादा दारातून: "मातीला ताप आलाय व्हय रं? रक्त पण तपासून आण."

२१ एप्रिल

नडगी सुजली. आईने हळद लावली. खोपोलीच्या कंपनीतून फोन आला होता, कंत्राटी, रात्रपाळी. नाही म्हणालो. दादाने ऐकलं. आता आठवडाभर ऐकवेल.

२ मे

सगळीकडे राब. गेले चार दिवस धुराने डोळे चुरचुरतायत. भाताची रोपं टाकायच्या जागेवर झाडाच्या डहाळ्या, पालापाचोळा, शेण रचायचं, वर माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. पणजोबाने केलं, आजोबाने केलं, म्हणून आबा करतात. का, ते कोणालाच सांगता येत नाही. "भाजावं लागतं." एवढंच.

आमचा राब माळाच्या खालच्या पट्टीतच असतो, दरवर्षी थोडा सरकवून. यंदा ओढ्याकडच्या टोकाला. पेटवायला चांगुणाबाय आली होती. ती वरच्या ठाकूरवाडीतली, आईच्या लग्नाच्याही आधीपासून आमच्याकडे कामाला येते. मी म्हणालो, मातीतले जीव मरतात याने, नुसता धूर होतो. तिने हातातल्या काठीने निखारे सारखे केले आणि म्हणाली, "राब नाय भाजला तर रोपं काय तुज्या वहीतून उगवतील रं पोरा?"

आबा हसले. मी घरी आलो.

अडाणीपणाला फार मोठी सोबत असते.

१३ मे

कार्ड आलं. सामू, म्हणजे मातीचा पीएच, ६.७. शेरा: चुन्याची गरज नाही. सेंद्रिय कर्ब चांगला. नाव 'मगेश' छापलंय, अनुस्वार गेला, पण आकडे बरोबर असले म्हणजे झालं.

आबांना मोठ्याने वाचून दाखवलं. "म्हंजे?" "म्हणजे माती निरोगी आहे." दादा जेवत होता, मान वर केली नाही. आज बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी.

११ जून

पेरणी झाली. मका. पावसाळ्यात धबधब्यांवर येणारी मंडळी भाजलेलं कणीस मागतात, आणि कोळशाच्या शेगड्या घेऊन बसणारे आपलेच लोक कणसं घाटावरून आणतात. इथे शेत असून. हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वर नाचनी घेतली असती बाबांनी. नायतर वरी."

आजोबांनी नाचणी-वरी घेतली म्हणून आपण अजून नाचणी-वरीच घ्यायची. हा विचार झाला.

चांगुणाबाय दाणे टोचायला होती. तीही तेच: "खाली घे मका. वर टिकायचा नाय." "का नाही टिकणार?" "नाय टिकत." "पण का?" "आता का म्हंजे काय रं? नाय टिकत म्हंजे नाय टिकत."

असली कारणं.

दोरी धरून बावन्न ओळी. ओळ १ बांधाजवळ, ओळ ५२ माथ्यावर. खत कार्डाप्रमाणे, चमच्याने मोजून.

१९ जून

उगवण उत्तम. सगळ्या बावन्न ओळी. दादाला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

४ जुलै

काहीतरी चुकतंय.

ओ. १ ते ११ गुडघ्याला लागतात, हिरव्यागार. ओ. १२ पासून वर सगळं वीतभर, आणि पानांच्या कडा जांभळ्या. अधेमधे नाही, एकदम. ओ. ११ आणि ओ. १२ यांच्यामध्ये मी उभा राहिलो: डावा पाय एका शेतात, उजवा दुसऱ्याच. पाऊस तोच, बियाणं त्याच पिशवीतलं, खत त्याच चमच्याचं. पेरणीच्या नोंदी तपासल्या. माझी चूक सापडत नाही.

७ जुलै

शिळफाट्यावर खतवाल्याकडे. फोटो दाखवला. त्याने चष्मा न लावताच बघितला. "जांभळं पडलं म्हंजे स्फुरद कमी. एक गोण टाक." मी म्हणालो, स्फुरद पूर्ण दिलाय. "मग दोन टाक."

दुकानात आणखी तिघं होते. तिघांनाही त्याने गोण वाढवायलाच सांगितलं. एकाचं भात, एकाची मिरची, एकाची आंब्याची कलमं. रोग कोणताही असो, औषध मागच्या खोलीत रचलेलंच असतं.

टाकलं. दुसरं काय करणार होतो.

१६ जुलै

फरक शून्य. वरून युरियाही दिला. ओ. ३० पासून वरची पानं टोकाकडून वाळायला लागलीत. चार दिवस ऊन पडलं तर झाडं दुपारी माना टाकतात, माती ओली असताना.

गावाची मतं, आजपर्यंतची: दृष्ट लागली. बियाणं डुप्लिकेट. मोबाईलच्या टॉवरमुळे. माळावर खालच्या अंगाला जुनं थडगं असेल. (थडगं खाली आणि पीक वर खराब.) दादाचं मत: "वर मुरूमच हाय, आमी सांगत होतो." बाकीच्यांच्या मानाने दादा शास्त्रज्ञ.

नि. शेठची पांढरी गाडी रस्त्यावर थांबली. काच खाली करून माळाकडे बघितलं, हॉर्न दिला, गेला. हॉर्न कशाला.

२१ जुलै

सकाळी ओ. ६ चं एक आणि ओ. ४० चं एक झाड मुळासकट काढून ओढ्यात धुतलं. खुरप्याने नाही, हाताने, तास लागला.

ओ. ६: पांढरी मुळं, केसासारखी, कोपरापर्यंत लांब. ओ. ४०: चार बोटं. जाड, तपकिरी, टोकं बोथट, फाटे नाहीत. चिंबोरीचे मोडके पाय चिकटवल्यासारखी. जमिनीत खत आहे, पाणी आहे आणि झाडाला तोंडच नाही.

दोन्ही झाडं बांधावर शेजारी ठेवून बसलो होतो. चांगुणाबाय लावणीवरून येत होती, पाठीवर पावसाचं इरलं. वाकून बघितलं. "हे राबातलं," ओ. ६ ला बोट लावून. मग दुसरं पायाच्या अंगठ्याने सारून, "आनि हे वरचं."

"राबातलं कसं? यंदा राब तिकडे होता, ओढ्याकडे."

"यंदा. आनि गेल्या साली? त्याच्या मागच्या? तुजी आजी व्हती तवापास्नं या पट्टीत भाजताव आमी. सगळी राखच हाय ती."

ती गेली. मी दोन्ही झाडं उचलली.

मग घरी येऊन ही वही मागे चाळली. १९ एप्रिल. "आठही खड्डे खालच्या पट्टीत घेतले." माझ्याच अक्षरात, पूर्णविरामासकट. पन्नास वर्षांच्या राखेची माती मी प्रयोगशाळेत पाठवली आणि तिचा सामू आख्ख्या माळाला लावला.

कोंबडीच्या पिसावर हसलो होतो.

२४ जुलै

वरचा नमुना. बारा खड्डे, ओ. १५ ते ओ. ५२. आता माती ओली, कुदळ लोण्यासारखी शिरते. पावसात छत्री मातीवर धरली, स्वतः भिजलो. स्वतःच घेऊन गेलो, हातात दिला.

१ ऑगस्ट

सामू ४.८.

प्रयोगशाळेतला माणूस वयस्कर आहे, हळू बोलतो, घाई नाही. पहिलं कार्ड आणि दुसरा कागद शेजारी ठेवून विचारलं, "एकाच गटातली?" मी खरं सांगितलं. खड्डे, कुदळ, राब. वाटलं होतं हसेल. नाही हसला. म्हणाला, "खड्डे कुठे घेतले ते लिहून ठेवलंत, हे बरं केलंत. बहुतेकांना आठवतही नाही."

त्याने जे सांगितलं ते जसं कळलं तसं: ॲल्युमिनियम सगळ्याच मातीत असतं, मातीच्या कणांत बांधलेलं. तोवर कोणाला त्रास नाही. आपल्याकडे इतका पाऊस की मातीतला चुना धुऊन जातो आणि आंबटपणा मागे उरतो. सामू पाचाच्या आसपास उतरला की ते ॲल्युमिनियम सुटतं, पाण्यात येतं, आणि पहिल्यांदा मुळाचं टोक धरतं. मूळ लांबायचं थांबतं, जाड होतं. वर टाकलेला स्फुरदही तेच धरून ठेवतं, म्हणून पानं जांभळी. म्हणून दुसरी गोणही वाया. आणि युरियाने आंबटपणा अजून वाढतो.

म्हणजे जुलैभर मी तेच करत होतो.

"कार्डावर ॲल्युमिनियम का नाही?"

"तो रकानाच नाही. सामू बघून ओळखायचं."

"उभ्या पिकाला चुना दिला तर?"

"वरून पसरलेला चुना खाली जायला वेळ लागतो. मातीत कालवावा लागतो, पेरणीच्या आधी. यंदाचं..." पुढचं त्याने बोलायचं टाळलं. चांगला माणूस आहे.

नाचणी-वरी असा आंबटपणा मक्यापेक्षा बरा सोसते, हेही सांगितलं. निघताना. मी विचारलं नव्हतं.

२ ऑगस्ट

घरी सांगितलं. जेवताना, सगळे असताना, एकदाच.

दादा: "ॲल्युमिनियम? मग मका कशाला पेरलास येड्या, पातेली उगवली असती!" स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसला. आईने पाणी दिलं. वहिनीही हसली. मला वाटतं मीही हसलो असतो, दुसऱ्याचा माळ असता तर.

आबा हसले नाहीत. बराच वेळ भात कालवत होते. "आनि राब?"

"राखेत चुन्यासारखंच काम करणारं असतं. आंबटपणा मारते. म्हणून खालची पट्टी चांगली आहे."

"म्हंजे आमी येडे नव्हतो."

मी आमटीचं भांडं पुढे ओढलं. उत्तर एका अक्षराचं होतं: हो.

५ ऑगस्ट

नऊ डबे. दादाच्या कंपनीतले रंगाचे रिकामे, बुडाला भोकं पाडली. सगळ्यांत वरची माती, ओ. ४५ जवळची. तीन नुसते. तिनांत चुनखडीची पूड कालवून. तिनांत चुलीतली राख चाळून. प्रत्येकी चार दाणे. डबे पडवीत, सगळ्यांना सारखा उजेड, पाणी वाटीने मोजून. बाराव्या दिवशी मुळं मोजणार.

याचा उपयोग काय, असं आईने विचारलं. यंदाच्या पिकाला काहीच नाही. पण दसऱ्याला आबांसमोर नुसतं तोंड घेऊन उभं राहायचं नाही.

९ ऑगस्ट

कोंबडीने राखेचा एक डबा उकरला. आठ राहिले. कोंबड्यांशी माझं काहीतरी मागचं आहे.

१७ ऑगस्ट

मोजलं. प्रत्येक डब्यातलं सर्वांत लांब मूळ.

नुसती माती: तीन बोटं, चार बोटं, तीन बोटं. चुना: वीत, वीत आणि एक बोट, वीत. राख (दोनच डबे): वीत आणि दोन बोटं, वीत.

वर्तमानपत्रावर ओळीने मांडून आबांना बोलावलं. ते उकिडवे बसले. नुसत्या मातीतलं मूळ चिमटीत धरून दाबलं. टचकन मोडलं. राखेतलं धरलं, ताणलं, ते ताणलं गेलं. उठताना गुडघ्यावर हात ठेवून पुन्हा एकदा खाली बघितलं.

चांगुणाबाय उंबऱ्याशी तांदूळ पाखडत होती. "येवड्यासाटी बारा दिस घालवलेस? मला इचारायचं व्हतं."

"विचारलं होतं. तू म्हणालीस, नाय टिकत म्हणजे नाय टिकत."

"मग! खोटं बोल्ले?"

मग मी नीट विचारलं, की राब कायम खालीच का, वर का नाही. वाटलं यातही काही जुनं शहाणपण असेल. ती म्हणाली, "वर कोन पाला वाहून नेनार? चढ हाय."

एवढंच. पन्नास वर्षांत एका माळाचे दोन माळ झाले, कारण चढ आहे. माझ्या कुदळीचंही तेच कारण होतं.

३० ऑगस्ट

ओ. १ ते ११ ची कणसं काढली. भरलेली, दाण्याला दाणा लागून. गणपतीला आलेले पाहुणे दोन दिवस कणसंच खात होते. मुंबईच्या एका पाहुण्याने मला सांगितलं की गावची माती ती गावची माती, काही घालावं लागत नाही. मी त्याला अजून एक कणीस दिलं, तोंड भरलेलं राहावं म्हणून.

दादाने चार खाल्ली. चौथं संपवून, "हे वरचं का खालचं रं?"

१९ सप्टेंबर

वर कणीस धरलंय ते करंगळीएवढं, दाणे तीन-चार, तेही पांगलेले. ओ. ४० नंतर तेही नाही.

आबा आज स्वतः माथ्यापर्यंत चढले. मी मागे. प्रत्येक दहा ओळींनी थांबत होते, धाप लागल्याचं दाखवत. वर पोचल्यावर मी बोललो. वेगळ्या तयारीने, पाठ केलेलं. अजून एक साल द्या. जानेवारीपासून पाला वर नेऊ, चुना कालवू, पहिल्या साली निम्म्याच माळावर. डबे तुम्ही बघितलेत.

"बघितले."

"मग?"

"शब्द दिलाय रं मी शेठला."

खाली उतरल्यावर दादा म्हणाला, "दाखवण्यासारखं पीक. हे शब्द आबांचेच होते, माझे नाय." बरोबर बोलला. दादा बरोबर बोलतो तेव्हा त्याचा जास्त राग येतो.

४ ऑक्टोबर

दसरा परवा झाला.

आज नि. शेठची माणसं आली. फीत, खुंट्या, आणि गोणीभर पांढरी फक्की. माथ्यापासून ओ. १२ पर्यंत चौकोन आखला. ओ. १२. जिथून पीक जांभळं होतं बरोबर तिथून. मी काही सांगितलं नव्हतं. खाली काळी माती लागते, भरावाला चालत नाही, म्हणून. राब आणि पोकलेन यांचं एका रेषेवर एकमत आहे.

मी रेघेजवळ उभा होतो तर फक्की टाकणारा ओरडला, "बाजूला व्हा ओ, रेघ पुसंल!"

रस्ता सुकला की मशीन. सोमवार, तेरा तारीख.

नि. शेठने माझ्यासाठी रजिस्टर आणलं. पुठ्ठ्याचं, जाड, आखलेलं. तारीख, गाडी क्रमांक, फेरी, सही. "तुज्यासाठी खास घेतलं. मला फाटकी वही चालत नाय." माझ्या चांगल्या अक्षराची दखल घेणारा आयुष्यातला पहिला माणूस हा निघावा.

घेतलं. नाही म्हणता आलं नाही. कागद चांगला आहे.

५ ऑक्टोबर

फक्कीची चिमूट घरी आणली. वाटीत लिंबू पिळलं. फेस आला. बारीक, पण आला. दुसरी चिमूट, दुसरीकडची, पुन्हा फेस.

चुनखडी आहे.

पन्नास वर्षांत माळाच्या माथ्यावर पडलेला पहिला चुना, आणि तो माळ कुठून कापायचा हे दाखवायला.

दुपारी सर आली. रेघ खाली बसली, पुसली नाही.

६ ऑक्टोबर

सकाळी पहार घेऊन वर गेलो. माथ्याकडची रेघ, चाळीस पावलं. वीतभर खोल मोकळी केली, फक्की मातीत कालवली. एका कडेला त्यांची गोण अर्धी उरलेली होती, त्यातलीही घेतली. विचारलं नाही. मका टोचला, ऐंशी दाणे. मग आत सहा पावलांवर दुसरी ओळ, तशीच मोकळी केलेली, चुन्याशिवाय, ऐंशी दाणे. पाण्याच्या चार खेपा. चढ आहे.

रेघ गेली. पण खुंट्या आहेत, आणि खुंट्या मी हलवल्या नाहीत.

आबा वर आले. कधीपासून उभे होते माहीत नाही.

"काय करतोस?"

"डबे लहान होते. म्हणून इथे."

"मशीन सोमवारी यायचं हाय."

"माहीत आहे."

"किती दिवसांत कळंल?"

"बारा. मूळ कळायला बारा दिवस लागतात. सोमवारी नुसता कोंब दिसेल, कोंब दोन्हींचा सारखाच असतो."

ते खाली बसले. मोकळी केलेली माती मुठीत घेतली, हातात फिरवली, त्यात पांढरे कण होते. दादाचा आवाज खालून आला, जेवायला या म्हणून. आबांनी मूठ रेघेच्या जागीच उघडली, बाजूला नाही. मग उतरले. पहार त्यांनी उचलली.

७ ऑक्टोबर

सकाळी रजिस्टर उघडलं. पहिल्या पानावर लिहिलं. तारीख: ६ ऑक्टोबर. गाडी क्रमांक: ओळ १, चुन्यावर. दुसऱ्या रांगेत: ओळ २, चुन्याशिवाय. फेरी: पाणी, चार. सहीची जागा सोडली.

आबांनी मागे उभं राहून वाचलं. ओठ हलवत वाचतात ते.

त्यांचा फोन ओट्यावर होता, वाजायला लागला. नि. शेठचं नाव दिसत होतं. दादा आतून ओरडला, "आबा, फोन!" आबा फोनकडे बघत होते. उचलला नाही, बंदही केला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "किती म्हनलास? बारा?"

"अठरा तारखेला पूर्ण होतात."

फोन वाजत होता.